अमेरिकेत राज्याची ‘ट्रस्ट लँड’ उद्यानासाठी फुकट देता येते का?
नाही. जमीन सरकारी दिसली तरी राज्य तिचं फक्त विश्वस्त असतं. तिच्या उत्पन्नाचे लाभार्थी बहुतेक ठिकाणी सरकारी शाळा. त्यामुळे उद्यान करायचं तर शाळांना मोबदला द्यावाच लागतो.

वॉशिंग्टन राज्याने (राजधानी नव्हे, सिअ‍ॅटलवालं) १९८९ मध्ये यावर मला पटणारी तोड काढली. मूळ पद्धतीत पैसे विधिमंडळ मंजूर करायचं आणि जमीन उद्यानाकडे जायची. तिच्यावरच्या लाकडाची किंमत शाळांच्या बांधकाम निधीत पडायची, तर जमिनीच्या किमतीतून ट्रस्टसाठी दुसरी जमीन घ्यायचे. झाडं न तोडताच शाळांना लाकडाचे पैसे!

युटा राज्यात १९९८ मध्ये थेट अदलाबदल झाली. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे वगैरे संरक्षित क्षेत्रांतल्या शाळांच्या जमिनींबदल्यात केंद्राने दुसरीकडच्या जमिनी, खनिजं आणि ५ कोटी डॉलर रोख दिले.