वाचकांचे प्रश्न: ठोका गेला कुठे?

गेल्या अंकात लॉस एंजेलिसच्या ‘क्लिपिंग’ या रॅप त्रिकुटाच्या ‘स्प्लेंडर अँड मिझरी’ (२०१६) या अल्बमची ओळख करून दिली होती. रॅप डेव्हिड डिग्जचा, त्याखालच्या ध्वनींचं काम विल्यम हटसन आणि जोनाथन स्नाइप्स यांचं. आलेल्या पत्रांत कौतुक थोडं आणि तक्रारी जास्त होत्या. त्यातले हे चार प्रश्न.

पंधरा ट्रॅक, त्यात धड गाणी पाच-सहाच. बाकी खरखर. याला अल्बम म्हणायचं? (सांगली)

गाणी मोजायला बसलात तर तुमचं बरोबर आहे. पण ही जेमतेम ३७ मिनिटांची श्रुतिका आहे, आणि बहुतेकांनी ती गाण्यांची थैली समजून चाचपली. तिथेच तिच्यावर अन्याय झाला. कथा अशी: गुलाम वाहून नेणाऱ्या अंतराळयानावर बंड होतं आणि एकच जण वाचतो. त्याला नाव नाही, मालाचा क्रमांक आहे, २३३१. बोलतो तो बराचसा यानाचा संगणक. ‘ऑल ब्लॅक’ हे गाणं सुरू होतं ते यानाने पाठवलेल्या इशाऱ्याने: मालाने यानाचा ताबा घेतलाय. गाणं संपताना इशारा पुन्हा येतो, पण आता ती धमकी असते: याच्या वाटेला जाऊ नका. मधल्या काही मिनिटांत यंत्र त्या माणसाच्या प्रेमात पडलेलं असतं. खाली ठोका जवळपास नाही, नुसती घरघर. तिथे ड्रम्स वाजले असते तर ते गाणं रॅपरचं झालं असतं.

विज्ञानकथावाल्यांनी मात्र हे लगेच ओळखलं. शीर्षकच सॅम्युअल डिलेनी या विज्ञानकथालेखकाच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीच्या नावावरून घेतलंय. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत २०१७ साली लघु नाट्यकृतींच्या अंतिम यादीत हा अल्बम ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आणि ‘ब्लॅक मिरर’च्या भागांशेजारी होता. पुरस्कार ‘द एक्स्पान्स’च्या भागाला गेला.

डिग्ज इतका सुसाट सुटतो की शब्द हाती लागत नाहीत. काय करावं? (रत्नागिरी)

‘द ब्रीच’मध्ये पकडायला जाऊच नका. एका मिनिटाच्या आतला तो धोक्याचा भोंगा आहे, तसाच ऐका. बाकीचं दुसऱ्या फेरीत शब्द समोर ठेवून. तेव्हा एक गोष्ट लक्षात येईल: डिग्जच्या रॅपमध्ये ‘मी’ नाही. हा या मंडळींचा जुना नियम आहे. हिप हॉपमध्ये ‘मी’ गाळणं म्हणजे लावणीतून शृंगार वगळण्यासारखं! म्हणून ‘लाँग वे अवे’ या स्पिरिच्युअलच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या भक्तिगीतांच्या) वळणाच्या गाण्यात ‘मी’ येतो तेव्हा एकदम टोचतो.

माझ्या ब्लूटूथ स्पीकरवर सगळं चिखलासारखं वाजतं. (नाशिक)

स्पीकर बाजूला ठेवा, वायरचा हेडफोन लावा. खरखर दाबून साठवणं एमपी३सारख्या पद्धतींना सर्वांत जड जातं. ९६ केबीपीएसला ती पाण्यासारखी घोळते, म्हणून ३२० केबीपीएस किंवा फ्लॅक (काहीही न गाळता साठवलेली फाइल) घ्या. शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद, नाहीतर मधल्या दुव्यांची वाट लागते. ट्रॅक सुटे करून प्लेलिस्टमध्ये टाकू नका. काही अ‍ॅप मग प्रत्येक ट्रॅकची पातळी वेगळी लावतात आणि मुद्दाम हळू ठेवलेलं मोठं होतं. आवाज ठरवायचा तो ‘बेबी डोन्ट स्लीप’ हा चौदावा ट्रॅक लावून. सुरुवातीच्या हलक्या गाण्यावर ठरवलात तर तिथे पोचल्यावर कान बसतील.

असा ड्रमविना बीट घरी करता येईल? (पुणे)

येईल, फ्रिजवरसुद्धा. याच मंडळींच्या ‘गेट अप’चा पाया गजराच्या घड्याळाचा पीप-पीप आहे.

फोन फ्रिजच्या मागे काँप्रेसरपासून १०-१५ सेंटीमीटरवर धरून दोन मिनिटं रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. इथेच बहुतेकांचं बिनसतं: फोनची नॉइज रिडक्शन सुरू असते, ती घरघरीलाच कचरा समजून खाते. हे बंद करू देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरा.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर बहुधा तिच्या दुपटीच्या, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास असते. पेटीवरची पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ. आपली घरघर तिच्यापेक्षा ३५ सेंट चढी (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). वर बेस किंवा पेटी घ्यायची असेल तर घरघर तेवढी उतरवा, नाहीतर कितीही मिक्स केलं तरी बेसूर वाटेल. (अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेची घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळपास मधोमध पडते. त्यांचं दुखणं आपल्याहून मोठं.)

टेंपो ८० ठेवा. एक मात्रा पाऊण सेकंदाची, चार मात्रांचं आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं. तेवढा तुकडा कापून फिरवा. सांध्यावर ‘टक्’ ऐकू आलं तर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. ३० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. रॅप वर ठेवल्यावर शब्द बुडत असतील तर घरघरीतले २०० आणि ३०० हर्ट्झ तीन-चार डेसिबलने खाली आणा. पुरुषी आवाजाची तिथेच टक्कर होते. ठोका हवाच असेल तर फ्रिजचं दार लावल्याचा ‘धप’ चौथ्या मात्रेवर टाका, पण दर आवर्तनाला नको.