इंजिन ठणठणीत, तरी विमान डोंगरावर कसं आदळतं?

प्रश्न : डोंगराळ भागात छोटं विमान पडलं की बरेचदा वाचायला मिळतं, विमानात बिघाड नव्हता, हवामान खराब होतं. पण पायलटला समोरचा डोंगर दिसत नाही का? आणि आता तर जीपीएस असतं ना?

उत्तर : नाही दिसत, तेच तर दुखणं आहे. अशी बरीच विमानं बाहेर बघून उडवतात, नदी, खिंड, कडा बघत बघत, आणि ढगात शिरलं की सगळं पांढरंफटक. मग शरीरही दगा देतं, कारण हळूहळू घेतलेलं वळण आतल्या कानाला थोड्या वेळाने कळतच नाही, विमान सरळ चाललंय असं वाटतं आणि ते कलत कलत खाली जात असतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात नुसत्या उपकरणांवर उडायची सवय नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता उडवायला लावलं (अर्थात सुरक्षितपणे), तर एकूण एक जणाचा ताबा सुटला, सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

बरं, ढगाखालून दरीतून जावं तर दरी पुढे अरुंद होते, जमीन वर चढत जाते आणि उंचीवर हवा विरळ, म्हणजे इंजिनाला दम कमी आणि वळायला जागा जास्त लागते. म्हणून दरीच्या मधोमध न जाता एका कडेने उडायला शिकवतात, परत फिरायची वेळ आली तर अख्खी रुंदी मिळते. पण फिरायचं ते आधीच, "अजून थोडं पुढे बघू" म्हणत राहिलं की मग कडेने उडूनही जागा पुरत नाही.

आता जीपीएसचं. डोंगर जवळ आला की ओरडणारं यंत्रही असतं, पण अरुंद दरीत दोन्ही बाजूंना डोंगरच, ते सारखंच ओरडणार, मग वैतागून बंद करतात. नेपाळमध्ये २९ मे २०२२ ला पोखराहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर हे छोटं विमान डोंगरावर आदळून सगळे २२ जण गेले, त्याच्या चौकशीत हेच निघालं की विमान ढगात शिरलं होतं, मार्ग नीट सांभाळला गेला नाही आणि इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. माझ्या मते यंत्र नसण्यापेक्षा हे वाईट.

प्रश्न : मग प्रवाशाने काय करायचं? जाऊच नये का?

उत्तर : जा की, पण सकाळची फ्लाइट घ्या. जोमसोमच्या बाजूला दुपारकडे दरीत वारा जाम वाढतो. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, एका टोकाला डोंगर, शेवटच्या क्षणी परत वर उचलायची सोय नाही, तिथे ढग आला की फ्लाइट रद्द होणारच, तेव्हा काउंटरवर भांडू नका. पुढचं कनेक्शन त्याच दिवशीचं काढू नका, एक-दोन दिवस मोकळे ठेवा.