जुन्या जॅझ रेकॉर्ड्स जमवायच्या असतील तर एका बासवाल्याचा माग धरा

तुम्ही विचारलंय की घरात टर्नटेबल आलं आहे, जुन्या जॅझच्या रेकॉर्ड्स जमवायच्या आहेत, पण नावांच्या गर्दीत सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. आणि ओरिजिनलच घ्यायच्या की नंतर पुन्हा काढलेल्या चालतील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतो. पहिल्यासाठी माझा सल्ला असा की ‘सर्वोत्तम शंभर रेकॉर्ड्स’ अशा याद्या बाजूला ठेवा आणि एकच वादक निवडा. तोही कव्हरवर मोठ्या अक्षरांत नाव असलेला नको. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वादकांची नावं असतात, त्यातला निवडा. मी तुम्हाला पॉल चेंबर्स सुचवेन. डबल बास वाजवायचा, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, उभं धरून वाजवायचं मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य. जन्म १९३५, पिट्सबर्ग, वाढला डेट्रॉइटमध्ये, विसाव्या वर्षी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये, १९६९ च्या जानेवारीत क्षयाने गेला, तेव्हा वय ३३. एवढ्या आयुष्यात तो इतक्या लोकांच्या मागे उभा राहिला की त्याच्या नावाचा धागा धरून गेलात तर १९५५ ते १९६५ या दशकातलं निम्मं चांगलं जॅझ आपोआप तुमच्या कपाटात येईल.

सुरुवात माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासूनच करा. सगळे तीच सांगतात म्हणून टाळू नका. पहिल्याच ‘सो व्हॉट’मध्ये पियानो आणि बासची छोटी, जरा अधांतरी सुरुवात संपली की मुख्य धून वाजते ती बासवर. ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन नुसते दोन स्वरांचं उत्तर देतात. म्हणजे जगात सर्वांत जास्त खपलेल्या जॅझ रेकॉर्ड्सपैकी एकीचं दार चेंबर्सने उघडलं आहे. तिचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. त्यातला दुसरा दिवस त्याचा चोविसावा वाढदिवस होता.

तिथून सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’कडे जा (१९५७), मग ‘जायंट स्टेप्स’कडे. त्या दुसऱ्या रेकॉर्डच्या शेवटी ‘मिस्टर पी.सी.’ नावाची रचना आहे. ते पी.सी. म्हणजे हाच पॉल चेंबर्स. सॉनी रॉलिन्सच्या ‘टेनर मॅडनेस’चा शीर्षकाचा तुकडा ऐका (१९५६). रॉलिन्स आणि कोलट्रेन या दोन टेनर सॅक्सोफोनवाल्यांचं एकत्र असं तेवढंच ध्वनिमुद्रण आहे, आणि दोघांच्या खाली चेंबर्स. जानेवारी १९५७ मध्ये माइल्सचे तीन साथीदार लॉस एंजेलिसमध्ये होते, त्यांना घेऊन सॅक्सोफोनवाल्या आर्ट पेपरने एक रेकॉर्ड केली, तिच्यातही हाच. आणि १९५८ ची सॉनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’. क्लार्क पियानोवाला, १९६३ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला. अमेरिकेत ही रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. जपानी श्रोत्यांनी मात्र तिला इतकं डोक्यावर घेतलं की आज तिचा पहिला प्रेस, म्हणजे पहिल्या खेपेला निघालेली प्रत, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. ती ऐकताना क्लार्कच्या उजव्या हाताकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्या वेळी फक्त बास ऐका. चेंबर्स प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालत असतो, आणि तो स्वर किंचित पुढे झुकलेला असतो, घाई मात्र नसते. मधूनच तो गज हातात घेतो आणि व्हायोलिनसारखा वाजवतो. काहींना तो आवाज खरखरीत वाटतो. मला तो फार आवडतो.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे ऐकणं खरं तर जड जाऊ नये. बैठकीत गवयाच्या तानेला दाद देता देता आपण तबलजीच्या ठेक्यालाही मान डोलावतो; ठेका ढळला तर सगळं गाणं कोसळतं हे आपल्याला माहीत असतं. तेच कान इथे लावायचे. फक्त एक अडचण आहे: लहान स्पीकरवर बास ऐकूच येत नाही. सूटकेससारखा प्लेयर असेल तर रेकॉर्ड्सवर खर्च करण्याआधी बऱ्यापैकी स्पीकर घ्या.

आता ओरिजिनलचा प्रश्न. पहिल्या प्रेसला एक ओढ असते हे मी नाकारत नाही. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्स ओळखण्याची एक विद्याच आहे. लेबलवरच्या पत्त्यावरून काळ कळतो: लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू आधीचा, नंतर ४७ वेस्ट ६३, पुढे नुसतं न्यूयॉर्क यूएसए. गाणं संपल्यावर लेबलभोवती जी कोरी पट्टी उरते ती दिव्याखाली तिरपी धरली की कोरलेल्या खुणा दिसतात. ‘आरव्हीजी’ म्हणजे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. कानासारखी दिसणारी खूण म्हणजे प्लास्टिलाइट कारखान्याचा ‘पी’. ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली त्या १९६६ च्या सुमारास हा कान नाहीसा होतो. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ही ध्वनिमुद्रणं करायचा. १९५९ मध्ये त्याने स्वतंत्र स्टुडिओ बांधला. ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘कूल स्ट्रटिन’ त्या दिवाणखान्यातल्या आहेत, हे माहीत झाल्यावर त्यांचा आवाज मला जास्त जवळचा वाटू लागला.

पण ओरिजिनल म्हणजे अचूक असं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चंच बघा. २ मार्चला टेप यंत्र जरा मंद फिरत होतं, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या स्वरात ऐकू येतात. ही चूक सुधारली गेली थेट १९९० च्या दशकात. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलटसुलट छापली आहेत. म्हणजे चेंबर्सने त्या दिवशी खरोखर कुठल्या स्वरात वाजवलं हे ऐकायचं असेल तर नवी प्रत महागड्या पहिल्या प्रतीपेक्षा खरी आहे. ब्लू नोटच्या जपानी प्रती (किंग आणि तोशिबा यांनी काढलेल्या) शांत, स्वच्छ वाजतात. प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स फँटसी कंपनीने १९८० च्या दशकापासून ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेत पुन्हा काढल्या, त्याही उत्तम आहेत. पैसे आधी संगीतावर खर्च करा. कान असलेली ब्लू नोट कधी समोर आली आणि खिशाला झेपली तर घ्या, पण संग्रह तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

याहून मागच्या काळात जायची इच्छा झालीच तर ७८ च्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. इथे बासची गोष्ट आणखी रंगते. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात दुसरा कॉर्नेट वाजवत होता. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, सगळे एका कर्ण्यासमोर उभे राहायचे. ढोलाच्या दणक्याने सुई उडायची म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ मध्ये, तेव्हा कुठे खालचे स्वर नीट उमटायला लागले. आणि १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये जिमी ब्लँटन नावाचा पोरगा आला. त्याने बासवर खरी सुरावट वाजवली. १९४० मधली एलिंग्टनचा पियानो आणि ब्लँटनचा बास अशी दोघांचीच वादनं ऐका, म्हणजे चेंबर्स कुठून आला ते समजेल. ब्लँटनही क्षयानेच गेला, ३० जुलै १९४२ ला, वय २३. दोनच दिवसांनी, १ ऑगस्टपासून, अमेरिकेतल्या वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, आणि मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ उजाडलं. बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती ती बरीचशी वर्षं तबकडीवर नाहीतच, त्याचं हे मोठं कारण.

त्या तबकड्यांशी आपलं थेट नातं आहे. ७८ ची तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची लाख, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी. जगाला लागणारी बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची. युद्धात ती मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या परत घेऊन वितळवत. म्हणून सांगतो, चांगल्या स्थितीतली १९२०-३० मधली तबकडी दिसली तर तिला जपा. अल्कोहोलने कधीही पुसू नका, लाख विरघळते. एलपीची सुई तिच्यावर लावू नका. ७८ च्या खाचा जवळजवळ तिप्पट रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते.

मुंबईत राहत असाल तर चोरबाजारात आणखी एक गोष्ट शोधण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवत होते: लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला स्थिरावला, तिथे कोलंबियासाठी त्याने तबकड्या केल्या आणि तिथेच १९४५ मध्ये वारला. त्यांच्याकडून ऐकून-शिकून गोव्याच्या वादकांची पिढी तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यातले सर्वांत नावाजलेले. सी. रामचंद्रांच्या संगीतातला जो झोकदार ब्रास आपण ‘अलबेला’मध्ये (१९५१) ऐकतो त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांच्यासारखे गोव्याचे वादक आहेत. या लोकांची स्वतःची नृत्यसंगीताची ७८ कधी ढिगाऱ्यात सापडली तर घासाघीस न करता घ्या. अमेरिकन जॅझ नव्याने निघत राहील. या तबकड्यांची काळजी आपल्याशिवाय कोण घेणार?

विकत घेताना रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढून उजेडात तिरपी धरा, एवढं पुरे. केसासारख्या बारीक रेघा बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा येतो. भोकाभोवती लेबलवर खूप चरे असतील तर रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे. घरी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत कव्हरला बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका आणि आतलं कागदी पाकीट बदलून टाका.

चेंबर्सच्या पाच-सहा रेकॉर्ड्स नीट ऐकून झाल्या की डग वॉटकिन्सकडे वळा. तोही डेट्रॉइटचा, चेंबर्सच्या नात्यातला, १९६२ मध्ये मोटार अपघातात सत्ताविसाव्या वर्षी गेला. रॉलिन्सच्या ‘सॅक्सोफोन कोलॉसस’वर बास त्याचा आहे.