लॉयल, निष्ठावंत की मिठाला जागलेला?

एका वाचकानं विचारलंय: ‘आमच्या कारखान्यात 25 वर्षं पूर्ण केलेल्यांचा सत्कार आहे. सन्मानचिन्हावर “लॉयल्टी”साठी निष्ठा, इमान की वफादारी, काय कोरावं? एचआरचा मसुदा “कंपनीप्रती एकनिष्ठ राहिल्याबद्दल” असा आहे. तो कानाला खटकतो.’

खटकणारच. ‘एकनिष्ठ’ म्हटलं की डोळ्यांपुढे एक तर पतिव्रता उभी राहते, नाहीतर धन्याच्या दाराशी बसलेला कुत्रा. लेथवर पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस काही दिसत नाही. त्यात ते ‘कंपनीप्रती’ म्हणजे हिंदीचं वळण. आपल्याकडे निष्ठा कशा‘वर’ तरी असते आणि इमान कुणा‘शी’ तरी राखायचं असतं. कामावर निष्ठा, धन्याशी इमान.

‘निष्ठा’ शब्द तसा वाईट नाही. त्यात संस्कृत ‘स्था’ आहे, म्हणजे ठाम उभं राहणं. पण राजकारणानं तो पार वापरून टाकला. ‘निष्ठावंत’ शेवटचा कुठे वाचलात आठवा. जवळपास ‘डावलले’ नसेल तर मी हरलो. तुमच्या सत्कारमूर्तींना बढतीत डावललं असेल तर खुशाल वापरा. वफादारी मात्र हिंदी सिनेमालाच शोभते.

खरा मराठी मुरलेला प्रयोग म्हणजे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’. जुन्या लिखाणात ‘निमकहराम’ भेटतो, त्यातला निमक म्हणजे फारसी नमक, मीठच. मला मात्र यातल्या क्रियापदाचं जास्त कौतुक वाटतं. रात्र जागतो ते जागणं, तेच इथे मिठाला आणि शब्दाला. पहाऱ्यावरच्या माणसाला झोप लागून चालत नाही, तसं हे इमान. आणि गंमत अशी की मीठ कंपनीचं खाता येत नाही, ते कुणाच्या तरी घरचं असतं. म्हणून हा प्रयोग माणसाशी असलेल्या इमानाचा आहे, संस्थेशी असलेल्या नव्हे. ‘नोकर’ फारसीतून आला, पण त्याच्या मुळाशी असलेला मंगोल शब्द सरदाराच्या साथीदाराला लावत. म्हणजे तिथेही माणूसच.

माझे काका भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ हातात घेऊन म्हणाले, ‘खाल्ल्या मिठाला जागलो.’ टाळ्या पडल्या. घरी येऊन चहा पिताना मी विचारलं, खरंच का टिकलात? तर म्हणाले, ‘अरे, आजीच्या ऑपरेशनला जुन्या साहेबानं रातोरात उचल दिली होती. अर्जसुद्धा मागाहून लिहिला. त्या माणसाला सोडून कुठं जाणार?’ मग जरा थांबून, ‘आणि कायम झालो होतो ना.’

या ‘कायम’मध्ये निम्मं उत्तर आहे. शब्द अरबी, अर्थ पुन्हा उभा असलेला, स्थिर. निष्ठेचा अरबी चुलतभाऊच म्हणा ना! वर्षात 240 दिवस भरले की माणूस कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, ते भरू नयेत म्हणून मध्येच ‘ब्रेक’, म्हणजे कामात खंड, देतात हे औद्योगिक पट्ट्यात पोराटोरांना ठाऊक असतं. ज्याला कायमचं पत्र मिळालं त्याचं लग्न जमतं, घराला कर्ज मिळतं. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज फाटकाशी काम मिळेल का म्हणून उभे राहत, तेही त्या कायमच्या आशेनं. त्यात ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम. 1972 च्या कायद्यानं ती साधारण पाच वर्षं सलग काढल्यावर लागू झाली, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सरकारी मराठीत तिला ‘उपदान’ म्हणतात, बोलण्यात कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशीनुसार नोकरी मिळते, तिथे तर घरच नोकरीला बांधलेलं असतं.

‘उचल’ हा शब्दही नीट बघा. काकांची उचल उपकार होती, त्यातून इमान उपजलं. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो तीही उचलच, पण तो हंगामभर कोयता चालवतो ते ती फेडायची म्हणून. त्याला निष्ठा म्हणायला जीभ रेटत नाही.

आता माणसं स्वतःबद्दल काय म्हणतात ते ऐका: ‘तिथंच टिकलो’, ‘चिकटून राहिलो’, ‘तीस वर्षं काढली’. काढणं हे दिवस काढण्यातलं काढणं. कुणीही ‘मी निष्ठा बाळगली’ म्हणत नाही. निष्ठा दुसऱ्यानं मोजायची असते, बहुधा मालकानं. आयटीतली पोरं नोकरी बदलली की ‘स्विच मारला’ म्हणतात आणि त्यात अपराधी काहीच नसतं. त्यांच्या साहेबानं रात्री उचल दिलेली नसते, दर दोन वर्षांनी साहेबही बदललेला असतो.

तर तुमच्या सन्मानचिन्हाचं. ‘25 वर्षे इमानेइतबारे केलेल्या सेवेबद्दल’ असं कोरा. यातलं इमान कामगाराचं आणि इतबार, म्हणजे भरवसा, त्याच्यावर टाकलेला. दोन्ही बाजू आल्या. जागा कमी असेल तर ‘दीर्घ सेवेबद्दल’ पुरे. काकांच्या पितळी पाटीवर तेवढंच आहे, फक्त कोरणाऱ्यानं ‘दिर्घ’ केलंय. कोरायला देण्याआधी वेलांटी तपासा.