बुधवार मागून घ्या

“नेदरलंड्समध्ये खरंच आठवड्याला ३२ तास काम करून भागतं का, की ते नुसतं सांगायला?” हा तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. पुण्यात जाण्यायेण्यासकट तेरा तास जातात, मुलगी सहा वर्षांची आहे, आइंडहोव्हनजवळच्या नोकरीचं पत्र हातात आहे, आणि बायको विचारतेय की तिकडे तरी तुम्ही घरात दिसाल का. दोन ओळी लिहून झोपणार होतो, पण झोप लागली नाही. मी २०१५ च्या एप्रिलमध्ये इथे आलो तेव्हा माझी लेक साडेसहा वर्षांची होती, आणि हाच प्रश्न मला बायकोनं हडपसरच्या घरात भांडी आवरता आवरता विचारला होता. मी “हो” म्हणालो होतो.

व्हिसा कसा काढायचा, नोंदणी कुठे करायची, बँकेचं खातं कसं उघडायचं, ते सगळं सरकारी पानांवर नीट दिलंय. ते सोडून देतो.

तर, भागतं. इथला नोकरदार माणूस सरासरी आठवड्याला ३२ तासांच्या आसपास काम करतो. युरोपियन युनियनमध्ये हे सगळ्यात कमी, आणि तरी देश उत्तम चाललाय. हे कुणी उदार होऊन दिलेलं नाही. १९८२ साली बेकारी भयंकर वाढली तेव्हा कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांनी वासेनार गावी करार केला. कामगारांनी पगारवाढीचा आग्रह सोडायचा आणि मालकांनी कामाचे तास कमी करायचे, म्हणजे आहे ते काम जास्त लोकांना मिळेल. पुढे बायका मोठ्या संख्येनं नोकरीत आल्या त्या बहुतेक अर्धवेळच आल्या. २००० साली तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा हक्क कायद्यात आला आणि २०१६ पासून तो आजच्या रूपात आहे. नोकरीला सव्वीस आठवडे झाले की लेखी अर्ज करता येतो, बदल हवा असेल त्याच्या दोन महिने आधी. कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर नकार द्यायला भक्कम कारण लागतं. तारखेच्या महिनाभर आधीपर्यंत कंपनी गप्प राहिली तर अर्ज मंजूर धरला जातो.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर सांगतो. साडेपाचला आमचा मजला रिकामा व्हायचा, कारण पाळणाघरं साडेसहाला बंद होतात आणि सहाला लोक जेवायला बसतात. मी पुण्याच्या सवयीनं बसून राहायचो. तिथले दिवे हालचालीवर चालणारे. माणूस थोडा वेळ हलला नाही की विझायचे. मग मी खुर्चीत बसल्या बसल्या डोक्यावर हात हलवायचो, दिवे लागायचे, की पुन्हा काम. एका संध्याकाळी टीमलीड विसरलेला रेनकोट न्यायला परत आली आणि तिनं मला तसं अंधारात हात हलवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाली, “तुला काम जास्त झालंय का, की ते वेळेत बसवता येत नाहीये? काहीही असलं तरी मला कळायला हवं.” मी शाबासकीची वाट बघत होतो. घरी जाताना सायकलवर डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा वाऱ्यानं आलं असं मी स्वतःला सांगितलं.

ती स्वतः आठवड्याला २८ तास काम करायची. नऊ जणांच्या टीममध्ये पूर्णवेळ आम्ही दोघंच. तरी काम वेळेवर जायचं, आणि ते कसं जातं हे समजायला मला दोन वर्षं लागली. इथली माणसं काही जास्त भराभर काम करत नाहीत. उद्या आपण नसणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून आज सगळं लिहून ठेवलं जातं. काय झालं, काय अडलंय, कुणाला विचारायचं, अशा तीन-चार ओळी रोज. पुण्यात आम्ही असं कधी लिहीत नव्हतो, कारण जो तो रात्री दहालाही फोनवर हजर असायचा. ‘फोन कर ना त्याला’ यावर आमची अख्खी कंपनी चालायची. इथे मंगळवार आणि गुरुवार सगळे असतात, त्यामुळे मीटिंगा त्याच दोन दिवशी. मीटिंगला बोलावलं आणि त्यात आपलं काम नसेल तर “मी येत नाही” असं सरळ कळवायचं, कुणी मनाला लावून घेत नाही. जेवणाची सुट्टी अर्धा तास, पावाचे दोन तुकडे आणि चीज. आणि कामाचा अंदाज बांधताना ३२ तासांचाच बांधतात, चाळीसचा बांधून ३२ मध्ये कोंबत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीवर मी तुम्हाला खास अडवतो. मी ३२ तासांवर आलो २०२१ मध्ये. पहिले सहा महिने पगार ऐंशी टक्के आणि काम शंभर टक्के. सुट्टीच्या दिवशी सकाळी ‘फक्त मेल बघतो’ म्हणून बसायचो ते दुपारी उठायचो. टीमलीडनं माझ्या त्या दिवशीच्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही. गुरुवारी विचारलं, “तू अर्ज केलास तेव्हा तुझ्याकडचं कुठलं काम जाणार, हे आपण ठरवलं का?” ठरवलं नव्हतं. मग बसून ठरवलं. जुन्या यंत्रांची दुरुस्ती दुसऱ्याकडे गेली आणि दोन अहवाल बंदच झाले. ते दोन अहवाल कुणी वाचत नव्हतं हे त्यानंतर कळलं. तेव्हा अर्जात तासांबरोबर कामांची यादीही घाला. कुठलं काम उतरवणार ते लेखी घ्या. पगार वीस टक्के घटला तरी हातात येणारी रक्कम त्याहून कमी घटते, कारण वरच्या टप्प्यातला कर वाचतो. कंपनीचं पेन्शन कमी साठतं. सरकारी पेन्शन मात्र इथे राहिलेल्या वर्षांवर मोजतात, तासांवर नाही.

आता तुम्ही विचाराल की २०१५ ला आलेला माणूस २०२१ पर्यंत थांबला कशाला? याचं कागदोपत्री उत्तर आहे आणि खरं उत्तर वेगळं आहे.

कागदोपत्री उत्तर तुमच्याही कामाचं आहे. तुम्ही उच्चकुशल कामगारांच्या परवान्यावर येणार. त्याला किमान पगाराचा उंबरठा असतो. २०२५ साली तीस आणि त्यावरच्या वयासाठी तो महिना ५,६८८ युरो होता, सुट्टी-भत्ता सोडून. हा उंबरठा तासांप्रमाणे कमी होत नाही. ३२ तास करा नाहीतर ४० करा, तेवढा पगार पडलाच पाहिजे. परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या करसवलतीच्या पगारमर्यादेचंही तसंच. म्हणजे कायद्यानं हक्क आहे, पण पगार उंबरठ्याला टेकलेला असेल तर तो वापरता येत नाही. सही करण्याआधी हिशेब मांडा: ऑफरच्या ऐंशी टक्के किती होतात, आणि ते त्या आकड्याच्या वर राहतात का? नसतील तर पगाराची बोलणी आत्ताच करा. कायमचा परवाना मिळाला की हा उंबरठा जातो. त्याला पाच वर्षं आणि डच भाषेची परीक्षा लागते. माझी परीक्षा २०२० च्या वसंतात होती आणि कोरोनामुळे परीक्षा केंद्रंच बंद झाली, त्यात आणखी वर्ष गेलं. कागद माणसाचं किती आयुष्य खातात! लेकीच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती, ‘मुलगी’ एवढंच. आमच्या गावच्या कार्यालयातून ते नाव घालून, शिक्के घेऊन, अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र करून आणायला आईनं तीन महिने फेऱ्या मारल्या, तेही गुडघे दुखत असताना. तुमच्या मुलीचा दाखला आजच काढून बघा.

खरं उत्तर हे, की मी मागितलंच नाही. मुलांच्या आठव्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक पालकाला सव्वीस आठवड्यांची पालकरजा असते, आठवड्याला एक-एक दिवस अशी तुकड्यातुकड्यानंही घेता येते. बहुतेक बिनपगारी, पण हक्काची. पाच दिवसांच्या आठवड्यानं १३० दिवस. मी आलो तेव्हा लेक आठ वर्षांची व्हायला दीड वर्ष होतं. ते दिवस माझ्या नावावर होते. मी एकही घेतला नाही. टीममधला एक बाप दर सोमवारी मुलाबरोबर घरी असायचा, त्या दिवसाला सगळे पापादाख म्हणतात, बाबांचा दिवस. मी मनातल्या मनात त्या बापाला कमी लेखायचो. हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

तास कमी केले ते बायकोनं. जोडीदाराला इथे विनाअट नोकरी करता येते, तिला उंबरठा नव्हता. पुण्यात ती बँकेत अधिकारी होती, इथे २४ तासांवर हिशेबाची बिलं तपासायला लागली. घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही, ते आपोआप तिच्याकडे गेलं आणि मी ते गृहीत धरलं. कमी तासांचा हा देश बहुतेक घरांत बायकांच्या कमी तासांवर उभा आहे, हे तुम्हाला कुठल्या जाहिरातीत दिसणार नाही.

शाळेचं सांगतो, कारण ते अजून सलतं. इथे बाराव्या वर्षी मुलांची वाट ठरते. व्हीडब्ल्यूओ म्हणजे विद्यापीठाकडे, हाव्हो त्याखाली, आणि व्हीएमबीओ हा व्यवसायशिक्षणाकडे नेणारा गट. मूल कुठे जाणार याचा सल्ला शाळा देते. लेक एक वर्ष नवीन आलेल्या मुलांच्या भाषावर्गात होती, मग नेहमीच्या शाळेत. गणितात वर्गात पुढे. उताऱ्याचं आकलन मात्र कायम मागे. २०२० च्या फेब्रुवारीत सल्ल्याची भेट झाली. या भेटी दहा मिनिटांच्या असतात आणि बसायला मुलांच्याच खुर्च्या. गुडघे छातीशी घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. बाई म्हणाल्या, “फार गुणी मुलगी आहे. घरी तुम्ही डच बोलत नाही, हो ना?” आणि कागद पुढे केला, व्हीएमबीओ-टी, म्हणजे त्या तिसऱ्या गटातली पुस्तकी अभ्यासाची शाखा. मी गणिताचे गुण दाखवले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर पुढचे पालक उभे होते.

आम्हाला एक आशा होती. एप्रिलमधल्या अंतिम चाचणीत गुण जास्त आले तर शाळेला सल्ल्याचा फेरविचार करावा लागायचा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षीची चाचणी साऱ्या देशात रद्द झाली. लेकीचा सल्ला होता तसाच राहिला. आता नियम बरा आहे. २०२४ पासून चाचणी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत होते आणि गुण जास्त आले तर, काही अपवाद सोडता, सल्ला वर न्यावाच लागतो. तुमच्या मुलीला त्याचा फायदा मिळेल.

लेक चार वर्षांत ती पायरी चढून आता हाव्होच्या शेवटच्या वर्षात आहे. ती म्हणते, “बाबा, सोड ना आता.” मला सोडता येत नाही. शाळेवर माझा राग आहे आणि तो रास्त आहे असं मला अजून वाटतं. पण त्या बाईंनी भाषावर्गानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की रोज वीस मिनिटं कुणीतरी शेजारी बसून तिच्याबरोबर डच पुस्तक वाचा, शब्द अडला की थांबा. वाचनालय मुलांना फुकट आहे. बायकोला तेव्हा डच येत नव्हतं. मला ऑफिसमुळे थोडं येऊ लागलं होतं. मी सातला घरी यायचो आणि नऊला पुन्हा लॅपटॉप उघडायचो. लेक पुस्तक घेऊन एकदा-दोनदा माझ्या टेबलाशी उभी राहिलेली मला आठवते. पुस्तक बेडकाचं होतं, हिरव्या मुखपृष्ठाचं.

एकटं वाटेल का, हेही विचारलंत. वाटतं. पहिला हिवाळा जड जातो, साडेचारला अंधार. मंडळाचा गणपती असतो, माणसं भेटतात, निभतं.

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणजे पालकरजेची जवळजवळ दोन वर्षं हातात आहेत. रजेनं पगार उंबरठ्याखाली गेला तर परवान्याचं काय, हे कंपनीत व्हिसाचं काम बघणाऱ्याला आधी लेखी विचारा. आणि दिवस कुठला घ्यायचा, तर सगळे शुक्रवार सांगतील, सलग तीन दिवस मिळतात म्हणून. सोमवार घेऊ नका, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या सोमवारीच येतात, त्या वाया जातात. बुधवार मागा. बऱ्याच शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. मीही बुधवारच घेतला, २०२१ मध्ये. लेक तेव्हा माध्यमिक शाळेत गेली होती, चार वाजता यायची आणि दप्तर टाकून वरच्या खोलीत जायची. मी खाली चहा टाकून बसायचो. अजूनही बसतो. दोन कप करतो, कधी कधी ती खाली येते.