माणसं ५ लाख, रोबो ५० कोटी: हे आकडे पटतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहावर माणसांनी वस्ती केली त्याला ३०० वर्षं झाली आहेत, आज तिथे ५ लाख माणसं आणि ५० कोटी रोबो आहेत, अशी कथा तुम्ही लिहायला घेतली आहे. हे आकडे वाचकाला पटतील का, आणि नावाजलेले लेखक असे आकडे कशावरून ठरवतात?

पटतील. फक्त रोबोंच्या आकड्याची काळजी सोडा आणि माणसांच्या आकड्याकडे नीट बघा. ५० कोटी ऐकायला अवाढव्य वाटतं, पण रोबो बनवणारेही रोबोच असतील तर संख्या दुपटीनं वाढते. एका रोबोपासून सुरुवात करून ५० कोटींच्या पुढे जायला २९ वेळा दुप्पट व्हावं लागतं. तुमच्या हाताशी ३०० वर्षं आहेत, म्हणजे दहा वर्षांतून एकदा दुप्पट झाली तरी भागलं. खाणी आणि वीज आहे म्हटल्यावर हा वेग कुठल्याही वाचकाला खटकणार नाही.

पेच आहे तो माणसांचा. समजा, पहिल्या यानातून ५०० माणसं उतरली आणि दर ३० वर्षांनी लोकसंख्या दुप्पट होत गेली. ३०० वर्षांत दहा दुपटी होतात आणि उत्तर येतं ५ लाख १२ हजार. म्हणजे जवळपास तुमचाच आकडा! हा वेगही अशक्य नाही. भारताची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत सुमारे ४३.९ कोटी होती आणि १९९१ मध्ये सुमारे ८४.६ कोटी, तीस वर्षांत दुप्पट व्हायला थोडंच कमी पडलं. तुमचा ग्रह असा वाढत आला असेल तर तिथे घराघरात तीन-चार मुलं असणार, निम्मी प्रजा पंचविशीच्या आतली असणार, जमिनीच्या वाटण्यांवरून भांडणं असणार आणि पुढच्या तीस वर्षांत १० लाख होणार. याउलट, ५ लाख हा आकडा शंभर वर्षांपूर्वीच गाठून मुद्दाम तिथे रोखून धरलेला असेल, तर तिथे मूल जन्माला येणं ही बातमी असेल आणि त्याला परवानगी देणारं कुणीतरी असेल. दोन्हीकडे आकडा ५ लाखच, पण हे दोन वेगळे ग्रह आहेत. तुमच्या प्रश्नात यातला कुठला ते कळत नाही, आणि बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

रोखून धरलेल्या ग्रहाचा सगळ्यात पक्का नमुना म्हणजे आयझॅक असिमोव्ह यांचा सोलारिया. 'द नेकेड सन' ही कादंबरी १९५७ साली पुस्तकरूपात आली. पृथ्वीवरचा गुप्तहेर एलायजा बेली खुनाच्या तपासासाठी तिथे जातो. वाटेत तो आपल्या रोबो साथीदाराला, डॅनीलला, ग्रहाची लोकसंख्या विचारतो. डॅनील सांगतो २० हजार. बेलीला वाटतं याला २ कोटी म्हणायचं असेल, कारण त्याच्या एकट्या न्यूयॉर्क शहरात २ कोटी माणसं जमिनीखाली कोंडून राहतात आणि पृथ्वीवर ८०० कोटी. पण आकडा २० हजारच असतो, आणि ग्रह नुकताच वसलाय म्हणून नव्हे, तर रहिवाशांनी ठरवून तो तेवढाच ठेवलाय म्हणून. मग जमीन किती? लागवडीजोगी ३ कोटी चौरस मैल. आणि रोबो २० कोटी. माणशी १० हजार.

लोक इथे थांबतात, '१० हजार!' म्हणतात आणि पुढे वाचतात. मला मात्र असे आकडे दिसले की गुणाकार-भागाकार केल्याशिवाय राहवत नाही, आणि सोलारियाचा हिशेब फार बोलका आहे. ३ कोटी चौरस मैल भागिले २० हजार म्हणजे माणशी १,५०० चौरस मैल, सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर. गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे प्रत्येक माणसाला अख्ख्या गोव्यापेक्षा मोठी इस्टेट, आणि त्यात तो एकटा किंवा नवरा-बायको दोघं. आता रोबोंचं बघा: एका रोबोच्या वाट्याला ९६ एकर येतात. माणशी १० हजार रोबो म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंडी गर्दी येते, प्रत्यक्षात सोलारियावर मैलोन् मैल चाललात तर मोजकेच रोबो दिसतील. गर्दी कशाचीच नाही, ना माणसांची ना यंत्रांची. त्या कादंबरीतली जी उघडी, रिकामी, बेलीला छाती दडपून टाकणारी जागा आहे ती या भागाकारातून आलेली आहे. आकडे आणि वातावरण असं एकमेकांत बसलेलं विज्ञानकथेत क्वचित सापडतं.

तिथलाच एक प्रसंग सांगतो. बेली क्वेमॉट नावाच्या समाजशास्त्रज्ञाला भेटायला जातो. सोलारियात माणसं एकमेकांना त्रिमितीय पडद्यावर 'बघतात', समोरासमोर येणं किळसवाणं मानतात. क्वेमॉट धीर करून एका खोलीत बसायला तयार होतो, बोलू लागतो, पण दुसऱ्या माणसाचा श्वास त्याच हवेत आहे ही कल्पना त्याला सहन होईनाशी होते. तो उठून निघून जातो आणि उरलेलं बोलणं पडद्यावरून पुरं करतो. हे का झालं असावं याची पायरी असिमोव्हनी नीट बांधली आहे. मूळ लोक नेक्सॉन नावाच्या शेजारच्या ग्रहावरचे. त्यांनी सोलारिया सुट्टीतल्या बंगल्यांसाठी निवडला. जागा भरपूर, रोबो हाताशी. मग शेजारी लागेनासा झाला, मग मदतनीस, मग डॉक्टरही पडद्यावरच. ज्या ज्या कामासाठी माणसाला माणूस लागतो, ते एकेक काम रोबोकडे गेलं आणि प्रत्येक वेळी भेटीचं एक कारण कमी झालं.

एक काम मात्र पूर्णपणे गेलं नाही, आणि तुमच्या कथेसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच: मुलं वाढवणं. तिथे गर्भ महिनाभराचा झाला की काढून एका केंद्रात वाढवतात. सांभाळायला रोबो असतात, पण लहान मुलाला शिस्त लावायची तर त्याला थोडं दुखवावं लागतं, आणि माणसाला इजा करायची नाही हा त्यांचा पहिला नियम. आत्ताचं रडू पुढच्या भल्यासाठी आहे हे रोबोला पेलत नाही. म्हणून २० हजारांच्या त्या ग्रहावर या कामाला माणूस नेमावा लागतो, आणि ते काम सगळ्यांना ओंगळ वाटतं. खून झालेला डेलमार हा नेमका याच केंद्राचा प्रमुख, हा योगायोग नाही.

असिमोव्हच्याच ऑरोरा ग्रहावर हे प्रमाण माणशी ५० रोबो आहे. तिथे माणसं २० कोटी, म्हणजे रोबो १,००० कोटी, सोलारियाच्या पन्नासपट. तरी ऑरोरावर समाज शिल्लक आहे: राजकारण आहे, विद्यापीठी हेवेदावे आहेत, प्रेमप्रकरणं आहेत. तेव्हा एकूण संख्येपेक्षा माणशी प्रमाण जास्त बोलतं. तुमचं प्रमाण माणशी १,००० आहे, या दोघांच्या मधलं. सोयीचं आहे. तुम्हाला हवं त्या बाजूला झुकवता येईल.

पण १,००० रोबो एका माणसासाठी करतात तरी काय? घरात दहा-वीस पुरतात. रोबो सरासरी २५ वर्षं टिकतो असं धरा. मग ५० कोटी टिकवून ठेवायला वर्षाला २ कोटी नवे लागतात, दिवसाला जवळपास ५५ हजार. त्यासाठी खाणी, भट्ट्या, वीजघरं, सुटे भाग, मोडीतून धातू परत काढणं. म्हणजे तुमचे बहुतेक रोबो इतर रोबोंसाठी राबत असणार आणि त्यांनी आयुष्यात माणूस पाहिलेलाही नसेल. हे कथेत आलं पाहिजे. माणसाची आज्ञा पाळायला बनवलेलं, पण माणूस कधीच न दिसलेलं यंत्र हे पात्र म्हणूनच केवढं मोठं आहे!

लेखक आकडे कशावरून ठरवतात, याला एकच उत्तर नाही. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' मध्ये पृथ्वी सोडून जाणाऱ्याला एक अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, फुकट मिळतो. तिथे सुरुवात माणशी एकानं होते आणि ती सरकारी धोरणातून येते. जेम्स होगन यांच्या 'व्हॉएज फ्रॉम येस्टरइयर' (१९८२) मध्ये उलटंच: यान पोचतं तेव्हा ग्रहावर एकही जिवंत माणूस नसतो, रोबोच पहिली पिढी घडवतात आणि वाढवतात. तिथला समाज सोलारियासारखा कोमेजत नाही, उलट मोकळा आणि उदार होतो. होगन फार आशावादी होते असं माझं मत, पण रोबो वाढले की माणसं आटणारच असं गृहीत धरणाऱ्यांनी ती कादंबरी वाचावी.

वास्तवातले अंदाजही तुमच्या कामाचे आहेत. मानववंशशास्त्रज्ञ कॅमरॉन स्मिथ यांनी २०१४ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अंतराळप्रवासासाठी हिशेब मांडला. जनुकीय विविधता टिकायची तर किमान दहा हजारांच्या पुढे माणसं हवीत, ४० हजार असतील तर निर्धास्त, असा त्याचा रोख होता. सोलारियाचे २० हजार या पट्ट्यात बसतात, आणि तिथली लग्नंही जनुकं तपासूनच ठरवली जातात. दुसरीकडे फ्रान्सच्या जाँ-मार्क सालोट्टी यांनी २०२० मध्ये मंगळावर तग धरण्यासाठी ११० माणसं पुरतील असं मांडलं. त्यांचा हिशेब जनुकांचा नव्हता, कामाच्या तासांचा होता: हवा, पाणी, अन्न, दुरुस्ती यांना लागणारा वेळ माणसांच्या हाती असलेल्या वेळेत बसतो का? रोबो आले की हा दुसरा आकडा झपाट्यानं खाली येतो. पहिला तसूभरही हलत नाही. रोबो तुमच्यासाठी शेती करेल, पण तुमच्या नातवंडांच्या रक्तात विविधता आणू शकणार नाही. ५ लाख असल्यामुळे तुम्ही दोन्हीकडून सुरक्षित आहात, पण सुरुवातीला ५०० च होते असं लिहिणार असाल तर गोठवलेल्या गर्भांचा किंवा बीजांचा साठा सोबत होता एवढं एक वाक्य टाकाच.

आणखी एक. रोबोंची घनता आणि जन्मदर यांची सांगड फक्त कादंबऱ्यांतच दिसते असं नाही. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या २०२३ च्या आकड्यांनुसार दक्षिण कोरियाच्या कारखान्यांत दर १० हजार कामगारांमागे १,०१२ रोबो होते, जगात सर्वांत जास्त. त्याच वर्षी तिथला जन्मदर बाईमागे ०.७२ मुलं होता, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी. यातलं एक दुसऱ्याचं कारण आहे असं कुणी म्हणू नये: रोबो वाढले इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे, आणि मुलं न होण्यामागे घरांच्या किमती, शिक्षणाचा खर्च, कामाचे लांबलेले तास आहेत. पण दोन्ही गोष्टी एकाच समाजात एकाच वेळी सुखेनैव नांदतात हे लेखकानं पाहून ठेवावं. तुमच्या ग्रहावर माणसं थांबण्याचं कारण शोधताना 'रोबो आले म्हणून' एवढ्यावर समाधान मानू नका. एका बाईला तिसरं मूल का नको आहे, हे तिच्या घरात जाऊन लिहा.

शेवटी सोलारियाचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर हा परिच्छेद सोडा. 'रोबोट्स अँड एम्पायर' (१९८५) मध्ये माणसं ग्रहावरून नाहीशी झालेली दिसतात, रोबो मागे राहिलेत, आणि ते आलेल्या पाहुण्यांना ठार करतात. पहिला नियम मोडलेला नाही. त्यांना शिकवलेलं असतं की सोलारियाच्या धाटणीत बोलतो तोच माणूस, बाकीचे माणूसच नव्हेत. १९८६ च्या 'फाउंडेशन अँड अर्थ' मध्ये, हजारो वर्षांनंतर, तिथे १,२०० रहिवासी उरलेत, ते उभयलिंगी झालेत, अपत्यासाठीही दुसरा कुणी लागत नाही. २० हजारांवरून १,२०० वर येताना आधी माणूस कुणाला म्हणायचं याची व्याख्या आकसली. म्हणून तुमच्या ५ लाखांची नोंदवही कोण ठेवतं ते कथेच्या सुरुवातीलाच ठरवा. परवानगीशिवाय जन्मलेलं एखादं मूल त्या वहीत नसेल, तर ५० कोटी रोबोंच्या लेखी ते माणूस आहे की नाही, यावर तुमची निम्मी कथा आपोआप उभी राहील.