बाहेर जावं का? तुझ्या मेसेजला माझं सविस्तर उत्तर

तुझा मेसेज दोन-तीनदा वाचला. तू लिहिलंयस, "ताई, इथे आता राम राहिला नाही, बातम्या लावल्या की जीव घुसमटतो, साध्या कामाला चार खेपा घालाव्या लागतात, नियम पाळणाऱ्यालाच लोक येड्यात काढतात, कुठलाही देश चालेल पण बाहेर पडायचंय." तू ३३ चा, बायको फिजिओथेरपिस्ट, मुलगी चार वर्षांची, नोकरी तशी बरी चाललीय. एवढं धरून लिहिते, लांबलचक होणार आहे, सावकाश वाच.

आधी एक सांगते, तुझी चीड खोटी नाहीये. तुला लोक म्हणतील सगळीकडे हेच असतं, किंवा पळून चाललास, किंवा देशाने एवढं शिकवलं आणि आता निघालास. मलाही म्हणाले होते आणि बरेच दिवस ते मनात राहिलं होतं. दहा दहा वर्षं मनापासून नियमाने वागून दमलेला माणूस निघायचा विचार करतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा त्यांना उत्तरं देत बसू नकोस, तुझी ताकद पुढे लागणार आहे.

पण ते "कुठलाही देश चालेल" मात्र मला खटकलं. तू अजून कुठे जायचं ते ठरवलेलं नाहीस, फक्त तिथून निघायचं ठरवलंयस, आणि ह्या दोन गोष्टी पहिल्या हिवाळ्यात फार वेगळ्या निघतात. मी निघायच्या आधी एका वहीत लिहून काढलं होतं, मला नेमका कशाकशाचा वैताग आलाय. अकरा मुद्दे झाले. परवा ती वही सापडली म्हणून तुला एवढं खात्रीने सांगू शकतेय. अकरातले चार इथे परदेशात आल्यावर खरंच संपले, म्हणजे रस्त्यावरची भीती, कागदपत्रांच्या कामातली लाचारी, गोंगाट, आणि बाई म्हणून रात्री उशिरा एकटं फिरण्याचं टेन्शन. दोन कमी झाले. उरलेले पाच माझ्याबरोबर सामानातून आले. इतरांशी तुलना करायची सवय, कामावर कुणी डावललं की आठवडाभर धुमसत राहणं, नातेवाइकांच्या अपेक्षा, झोप न लागणं, आणि बातम्या. बातम्यांचं तर असं झालं की तिथे होते तेव्हा दिवसातून एकदा बघायचे, इथून रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन बघायला लागले. तूही लिहून काढ, डोक्यातल्या डोक्यात नको, कागदावर, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिही की हे देश बदलल्याने जाईल का माझ्याबरोबर येईल.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. तुझ्या मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते, आपलं कुणी ऐकत नाही. आणि नेमकं ऐकून घेतलं जाणंच बाहेर गेल्यावर सुरुवातीची कित्येक वर्षं सगळ्यात कमी असतं. मायदेशात तू चिडलास तरी तो देश तुझा आहे, तू भांडू शकतोस, मत देऊ शकतोस, ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटू शकतोस. बाहेर तू परवान्यावर राहणारा माणूस असतोस. टॅक्स पहिल्या पगारापासून कापला जातो पण देशाच्या निवडणुकीत मत बहुतेक ठिकाणी नागरिक झाल्यावरच. न्यूझीलंडसारखे थोडेच देश आहेत जिथे कायमचा रहिवास आणि वर्षभर सलग वास्तव्य असलं की मत देता येतं, किंवा ब्रिटन जिथे राष्ट्रकुल देशांतून आलेल्यांना कायदेशीर रहिवासी म्हणून मत आहे. आणि परवाना बऱ्याचदा नोकरीला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधायचा नाहीतर निघायचं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून हीच मुदत ६० वरून १८० दिवस केली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोन घरांत लोक अक्षरशः रडले होते आनंदाने. दोन महिन्यांत घर, शाळा, गाडीचं कर्ज सगळं आवरायचं म्हणजे काय हे भोगल्याशिवाय कळत नाही. मग बॉसने अन्याय केला तरी माणूस गप्प बसतो. मी बसलेय गप्प.

एक प्रसंग सांगते. चौथं वर्ष होतं, माझा परवाना वाढवायचा होता आणि त्यासाठी पासपोर्ट इथल्या कार्यालयात जमा होता. रात्री पावणेतीनला भावाचा फोन, बाबांना पक्षाघाताचा झटका आलाय, आयसीयूत आहेत. तिकीट वीस मिनिटांत शोधलं, पैसे भरायला बोट टेकवलं आणि तेव्हा डोक्यात आलं की पासपोर्टच नाहीये. सकाळी कार्यालय उघडायच्या दीड तास आधी जाऊन उभी राहिले, नंबराचं टोकन घेतलं, सी ११४, आणि हातात चुरगाळून चुरगाळून त्यावरचे आकडे पुसले गेले. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की फाइल दुसऱ्या शहरात गेलीय, सहा ते आठ आठवडे. त्या उद्धट नव्हत्या, त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि माझ्याही हातात काही नव्हतं. डॉक्टरांचं पत्र, त्याचं भाषांतर, अर्ज, हे सगळं करून पाचव्या दिवशी पासपोर्ट मिळाला. बाबा वाचले, पण उजवा हात गेला आणि बोलणं परत यायला वर्ष लागलं. त्या पाच दिवसांत मी कुणावर चिडू हेच मला कळत नव्हतं. हे तुला घाबरवायला नाही सांगत, तर परवाना वाढवायचा अर्ज करताना पासपोर्ट जमा करावा लागतो का, मधे बाहेर जाऊन परत येता येतं का, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी आधी विचारायचे म्हणून सांगतेय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मिळालं काय तेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा म्हणाला मी एकटा चालत शाळेत जाणार. पहिल्या दिवशी मी बरंच अंतर ठेवून मागून गेले, कोपऱ्यावरच्या झाडाआड उभी राहिले. तो पट्ट्यांपाशी थांबला, दोन्हीकडे बघितलं, आणि दोन गाड्या आणि एक मोठा ट्रक त्या एवढ्याशा पोरासाठी थांबले, ट्रकवाल्याने हाताने जा म्हणून खूण केली, आणि ह्याने हात हलवून थँक्यू केलं. मी तिथे झाडाला धरून रडले. आजही कुणी विचारलं का गेलीस तर मला पगार आठवत नाही, तो ट्रक आठवतो. तेव्हा मी जाऊ नको म्हणत नाहीये. सहा-सात वर्षं पाहुण्यासारखं, शब्द मोजून, दर वेळी कार्डावरची मुदत बघत राहायची तयारी असेल आणि त्या बदल्यात असं काही तुला हवं असेल, तर ये.

आता देश कुठला. तो तू नाही, तुझं वय, भाषा आणि धंदा ठरवतो. गुण मोजून लोक घ्यायची पद्धत कॅनडाने १९६७ ला सुरू केली, आता बऱ्याच देशांत काही ना काही स्वरूपात आहे. ऑस्ट्रेलियात निदान ६५ गुण लागतात, त्यात २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, आणि ४५ नंतर ती वाटच बंद. म्हणजे तुझे पाच गुण मागच्याच वाढदिवसाला गेले. कॅनडात तिशीपासून दरवर्षी थोडे थोडे कमी होत जातात. त्यामुळे "दोन वर्षांनी बघू" हे ह्या बाबतीत फुकट पडत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारलेलं संधी कार्ड काढलं, पण तिथे भाषा न शिकता राहणं म्हणजे डॉक्टरकडे, शाळेत, घरमालकाकडे सगळीकडे मुकं होऊन राहणं, हे मी जवळून बघितलंय.

आणि नियम बदलतात, तू विमानात असताना सुद्धा बदलतील. कॅनडाने २०२५ साठी ५ लाख लोकांना कायमचा रहिवास द्यायचं ठरवलं होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं, आणि मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे जास्तीचे गुण पण काढून टाकले. जर्मनीने नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाचावर आणली, त्याबरोबर तीन वर्षांचा एक जलद मार्ग दिला, आणि तो ऑक्टोबर २०२५ मध्ये परत बंदही केला. ब्रिटनने त्याच वर्षी कायमच्या रहिवासाची वर्षं पाचाची दहा करायचा प्रस्ताव आणला. म्हणून एजंट जेव्हा सांगतो "शंभर टक्के होणार" तेव्हा उठून निघून ये. सगळे नियम त्या त्या सरकारच्या साइटवर असतात, कंटाळवाणे असतात पण तूच वाच, आणि वाचलेल्या पानाची तारीख लिहून ठेव.

कागदांचं थोडक्यात, कारण हे तू आत्तापासून करू शकतोस आणि जायचं नाही ठरलं तरी वाया जात नाही. तिघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, डिग्र्या आणि मार्कशीट, पासपोर्ट हे सगळं शेजारी शेजारी टेबलावर मांड आणि नावांचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळव, आईवडिलांच्या नावांसकट. माझ्या एका कागदावर आईच्या नावात एक अक्षर जास्त होतं, त्यापायी चार महिने गेले. कुठल्या कागदाला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतं ते बघ, १९६१ च्या हेग करारातल्या देशांसाठी तो एक शिक्का पुरतो, त्यात नसलेल्या देशाला वकिलातीतून वेगळं करावं लागतं. भाषेच्या परीक्षेचा निकाल साधारण दोनच वर्षं धरतात, म्हणून उत्साहात आधीच देऊन ठेवू नकोस. मुलीच्या लसीकरणाची नोंद, सगळ्यांचे दात, तुझी जुनी दुखणी, हे निघायच्या आधी उरक. आणि निदान सहा महिने बिनपगारी निघतील एवढे पैसे बाजूला, ते घराच्या अनामत रकमेतही मोडायचे नाहीत.

मन कधी फिरतं तेही जाणून ठेव. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ द जानेरोला एका भाषणात परदेशात गेलेल्या माणसाच्या मनाचे टप्पे मांडले होते, आधी भारावणं, मग चीड, मग सावरणं, मग रुळणं. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, आधी कळलं असतं तर त्या चिडीच्या दिवसांत नवऱ्याशी एवढी भांडले नसते. माझ्या बाबतीत भारावणं चार महिने टिकलं आणि चीड जवळजवळ दोन वर्षं. त्या काळात परत जायचा निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे, आणि कायमचं राहायचाही घेऊ नये. परत गेलास तर तो पराभव नाही हे मात्र आत्ताच, निघायच्या आधी, दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये बायकोबद्दल एकच ओळ आहे, "ती तयार होईल." अरे, ती कशाला तयार होतेय हे तिला माहितीये का? तुझं काम कुठेही जाऊन दुसऱ्या दिवशी सुरू होईल, तिचं नाही. फिजिओथेरपी हा बहुतेक देशांत लायसन्स लागणारा धंदा आहे, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी सगळीकडे आधी डिग्रीची तपासणी, मग देशाप्रमाणे परीक्षा किंवा जास्तीचा कोर्स, जर्मनीत वर भाषा, आणि ह्यात एक-दोन वर्षं सहज जातात. अमेरिकेत तर तू एच-वन-बी वर गेलास तर तिला जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर काम करायची परवानगी ठराविक अटीतच मिळते. माझ्या शेजारी एक डेंटिस्ट राहायची, नवऱ्याच्या मागे आली, सहा वर्षं झाली, अजून परीक्षाच देतेय, आणि तिच्या घरातली शांतता मला भिंतीपलीकडून कळायची. तुमच्या दोघांत ज्याचा रस्ता अवघड तोच देश ठरवायला घ्या. उलट तिची डिग्री कदाचित तुझ्यापेक्षा जास्त कामाची निघेल, आरोग्य क्षेत्रात माणसं बऱ्याच देशांना कमी पडतायत, तेव्हा मुख्य अर्जदार ती आणि तू तिच्या मागे, हे पण करून बघा कागदावर.

आईवडिलांचंही आहेच, पण तुला भाऊ आहे का, ते कुठे राहतात, हे तू लिहिलं नाहीस, ते कळलं की त्यावर वेगळं लिहिते.

तोवर दोन कामं कर. ती वैतागाची यादी लिही, आणि बायकोला पण तिची वेगळी लिहायला सांग, एकमेकांची न बघता. आणि हा मेसेज तिलाच वाचायला दे. तिला वाटलं तर तिने सरळ मला फोन करावा, शनिवारी सकाळी मी मोकळी असते, त्या डेंटिस्टशीही बोलणं करून देईन, लायसन्सच्या बाबतीत मी सांगण्यापेक्षा ती जास्त नीट सांगेल.